तीस तासांचा दिवा

या मालिकेत आपण बहुतेक वेळा राजे, तह आणि लढाया यांच्याबद्दल बोलतो. आज मात्र एका श्रोत्याच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बंगळुरूला नोकरी करणारे हे गृहस्थ विचारतात, "ऑफिसला सायकलने जातो, परतताना अंधार पडतो. बॅटरीवरचा कोणता दिवा घ्यावा? दुकानात पन्नास प्रकार दिसतात, काही कळत नाही."

प्रश्न बाजारहाटाचा वाटेल. पण शंभर वर्षांपूर्वी जपानच्या ओसाका शहरात एक माणूस याच प्रश्नाशी झगडत होता, आणि त्याने शोधलेलं उत्तर आजही उपयोगाचं आहे.

आधी त्याच्याही मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात सायकलला तेलाचा दिवा लावत. वारा आला, खड्डा बसला की तो विझे. १८९० च्या दशकात कार्बाइडचे दिवे आले. वरच्या कप्प्यातून पाण्याचे थेंब खालच्या कार्बाइडवर पडत, त्यातून ॲसिटिलीन वायू निघे आणि तो जळे. जत्रेत फेरीवाल्यांकडची उग्र वासाची गॅसबत्ती ज्यांना आठवते, त्यांना हे लगेच समजेल. उजेड लख्ख पडे, पण खाली उरलेला चुन्याचा राडा पुनःपुन्हा धुऊन काढावा लागे.

मग डायनॅमो आला. चाकाला घासून वीज तयार करणारा, खर्च काही नाही. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांच्या सायकलला तो होता. त्याची घरघर लांबून ऐकू येई आणि पायांवर ओझं जाणवे. मोठी अडचण वेगळीच होती. चौकात थांबलं की दिवाही थांबे. म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसायला हवं, नेमक्या त्याच वेळी अंधार.

बॅटरीच्या दिव्याला ही अडचण नव्हती. तरीही १९२० च्या सुमारास जपानमध्ये त्यावर कुणाचा विश्वास नव्हता, कारण तो दोन-तीन तासांत मान टाकत असे. लोक मेणबत्तीचे कंदीलच वापरत आणि वाऱ्यात विझले की उतरून पुन्हा पेटवत.

कोनोसुके मात्सुशिता यांना हा त्रास चांगला ठाऊक होता. १८९४ चा जन्म. घरची परिस्थिती बिघडल्यामुळे नवव्या वर्षीच ओसाकाला कामाला आले आणि पुढे तिथल्या एका सायकलच्या दुकानात काही वर्षं उमेदवारी केली. १९१८ मध्ये त्यांनी विजेच्या वस्तूंचा छोटा कारखाना काढला. १९२३ मध्ये, बरेच नमुने करून आणि मोडून, त्यांनी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा लाकडी दिवा बनवला. तो एका बॅटरीवर तीस ते पन्नास तास चाले. त्यामागचं मुख्य कारण होतं कमी वीज खाणारा नवा छोटा बल्ब. त्यांनी उजेड वाढवला नाही, भूक कमी केली.

घाऊक व्यापाऱ्यांनी मात्र दिवा घेतला नाही. बॅटरीच्या दिव्यांनी ते आधीच पोळले होते. तेव्हा मात्सुशितांनी थेट सायकलच्या दुकानांत दोन-तीन दिवे ठेवले आणि त्यातला एक पेटवून दिला. सांगितलं, किती तास चालतो ते बघा, पटलं तरच पैसे द्या. दुकानदारांनी घड्याळ लावून पाहिलं आणि मागणी येऊ लागली. १९२७ मध्ये चौकोनी दिवा आला, 'नॅशनल' या नावाने. त्याचे दहा हजार नग त्यांनी फुकट वाटले. तीच कंपनी आज पॅनासोनिक म्हणून ओळखली जाते.

मी बडोद्यात राहतो. इथल्या मकरपुरा भागात या जपानी कंपनीच्या सहकार्याने उभा राहिलेला बॅटरीचा कारखाना आहे. त्याचे 'नोव्हिनो' सेल तुमच्या घरच्या रेडिओत असतील. ओसाकाच्या त्या दिव्याचा धागा असा माझ्या शहरापर्यंत येतो.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी बनवला, त्यातून पांढरा एलईडी निघाला. पुन्हा तेच घडलं. बल्बची भूक कमी झाली आणि बॅटरी अधिक तास पुरू लागली. तरी जुना अविश्वास चिवट होता. जर्मनीत २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनॅमोच सक्तीचा होता.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी खोक्यावरचा ल्युमेनचा मोठा आकडा पाहून दिवा घेतला. एका पावसाळी रात्री गावाबाहेरच्या रस्त्यावर तो न सांगता बंद पडला. मागून डंपर येत होता. मी सायकलसकट कडेच्या चिखलात उतरलो म्हणून वाचलो. घरी येऊन बारीक अक्षरं वाचली. पूर्ण उजेडावर दिवा जेमतेम दीड तास चालणार होता. मी दुकानात मात्सुशितांचा प्रश्न विचारलाच नव्हता.

म्हणून बंगळुरूच्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. तुम्ही ज्या उजेडावर रोज चालवणार, त्यावर दिवा किती तास चालतो ते आधी विचारा. तुमच्या प्रवासाच्या दुप्पट वेळ तरी हवा. घेतल्यावर एका सुट्टीच्या दिवशी घरी पेटवून ठेवा आणि घड्याळ लावा. बॅटरी उतरत आली की इशारा देणारा दिवा घ्या. पुढच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत. आणि पैसे कमी असतील तर मागचा लाल दिवा आधी घ्या. रस्त्यावर खांबांचा उजेड असेल तर खड्डा आपल्याला दिसतो. आपण मागच्याला दिसतोच असं नाही.

रात्री आठला औद्योगिक वसाहतीची पाळी सुटते, तेव्हा शेकडो सायकली बाहेर पडतात. बहुतेकांना दिवा नसतो, कारण सायकल विकतानाच तो दिलेला नसतो. मात्सुशितांनी दहा हजार दिवे वाटले, त्यात धंद्याचं गणित होतं हे खरं. आपल्याला गणित करायची गरज नाही. या दिवाळीला आपल्याकडे काम करणारा कुणी सायकलवरून घरी जात असेल, तर मिठाईच्या पुड्याबरोबर एक लाल दिवा द्या आणि तो स्वतःच्या हाताने त्याच्या सायकलला बसवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.