वारसा मिळाला, गणवेश राहिला

आज उतईहून एका बटणाची गोष्ट सांगतो.

निवृत्तीनंतर मी प्रोग्रॅमिंग शिकलो. ओळखीच्या माजी सैनिकांसाठी आणि वीरपत्नींसाठी पेन्शनच्या कागदांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. थकलेल्या डोळ्यांसाठी सगळ्या बटणांना एकच स्टाइल दिली: मोठी अक्षरं, गडद रंग. मग बटणाच्या क्लासपासून ‘जतन करा’साठी नवा क्लास काढला. नेमकं तेच बटण बारीक अक्षरांत आलं. एका काकूंना ते दिसलंच नाही आणि त्यांची नोंद राहून गेली. प्रोग्रॅमच्या लेखी मात्र सगळं ठीक होतं.

चूक माझी, नियम मी वाचला नव्हता. पण त्या नियमामागे इतिहास आहे.

क्लासचा वारसा ही कल्पना ओस्लोच्या डाल आणि न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत आणली. तो वारसा गुणांचा आणि कामाचा. १९९४ मध्ये नॉर्वेच्याच होकॉन ली यांनी सीएसएस मांडलं. तिथं वारसा ठरतो तो पानावर कोण कोणाच्या आत बसलंय यावरून. एक वंशावळ, दुसरी घरातली जागा. शब्द मात्र एकच. घोळ इथूनच सुरू होतो.

२००६ मध्ये दोन उत्तरं आली. क्यूटी ४.२ मध्ये बटणाची स्टाइल उपक्लासलाही लागते. नको असेल तर क्लासच्या नावाआधी टिंब द्यायचं. डब्ल्यूपीएफमध्ये उलट. टाइपवर लावलेली स्टाइल नेमकी त्याच टाइपला लागते, उपक्लासला नाही. तो मुकाट्यानं मूळ साध्या रूपात उभा राहतो.

आम्हा फौजींना हे नवं नाही. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिसरी मराठा बटालियन तिथं २ पॅरा झाली. वंश मराठा लाइट इन्फंट्रीचा. टोपी मात्र मरून. रक्तानं परंपरा येते, गणवेश हुकमानं मिळतो.

तो हुकूम म्हणजे ‘बेस्डऑन’. उपक्लाससाठी वेगळी स्टाइल लिहायची आणि ती मूळ स्टाइलवर आधारलेली आहे असं सांगायचं. एवढंच केलं. पुढच्या वेळी काकूंनी चष्मा न शोधता बटण दाबलं.

जय हिंद.