इंधनदर, खानदेशातील : महागाईच्या हिशेबाने

जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांतील पेट्रोल व डिझेलच्या दरांची, रुपयाची घटलेली क्रयशक्ती हिशेबात धरून केलेली तुलना. ‘महागाई वजा केली तर इंधन फारसे महागलेले नाही’ असा निष्कर्ष देशपातळीवर वारंवार मांडला जातो. तो बहुतांशी पेट्रोलपुरता खरा आहे. खानदेशाचा व्यवहार मात्र डिझेलवर चालतो. रावेर-यावलची केळी, कापसाची वाहतूक, ट्रॅक्टरची नांगरणी, धुळ्याला एकमेकांना छेदणाऱ्या मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर महामार्गांवरचे ट्रक आणि एसटी यांचा खर्च डिझेलच्या दराने ठरतो. तेव्हा या प्रदेशापुरते मोजमाप डिझेलचेच धरले पाहिजे, आणि तसे धरल्यास निष्कर्ष बदलतो.

आधारसामग्री : जुनी किंमत आजच्या रुपयांत रूपांतरित करायला निर्देशांक लागतो. या बाबतीत खानदेश एके काळी सुदैवी होता. मुंबई सरकारचे कामगार कार्यालय मुंबई, अहमदाबाद व सोलापूर यांच्याबरोबर जळगावसाठीही राहणीमान-खर्चाचा स्वतंत्र निर्देशांक काढत असे; त्याचा पाया ऑगस्ट १९३९ = १०० हा होता. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता हा अशा निर्देशांकांचा मुख्य उपयोग. त्या काळच्या ‘इंधन व दिवाबत्ती’ गटात जळाऊ लाकूड, रॉकेल अशा वस्तू असत. पेट्रोल कामगाराच्या घरखर्चात नव्हतेच. आज केंद्रीय श्रम ब्यूरोच्या २०१६ = १०० या मालिकेत महाराष्ट्राची मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर व सोलापूर ही केंद्रे आहेत; खानदेशातले एकही नाही. शहर लहान-मोठे होण्याशी निर्देशांकाचा संबंध नसतो. तेथे संघटित कामगार किती, यावर केंद्राची निवड ठरते. केळी उत्पादक, ट्रॅक्टरमालक आणि शेतमजूर यांचा खर्च त्यामुळे कोणत्याच केंद्रात नेमका उमटत नाही. आणखी एक गैरसमज टाळायला हवा. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ च्या मालिकेत ‘इंधन व प्रकाश’ या गटाचा भार ६.८४ टक्के आहे, पण वाहनाचे पेट्रोल-डिझेल त्यात नसून ‘वाहतूक व दळणवळण’ या गटात मोडते. घाऊक निर्देशांकाच्या २०११-१२ च्या मालिकेत डिझेलचा भार सुमारे ३.१ टक्के, म्हणजे पेट्रोलच्या (१.६ टक्के) जवळजवळ दुप्पट आहे. अर्थव्यवस्थेत डिझेल किती मुरलेले आहे, याचा हा पुरावा.

दर : दीर्घकालीन सलग आकडे महानगरांचे मिळतात, म्हणून येथे दिल्लीचे दर घेतले आहेत. राज्याचा कर आणि मनमाडजवळच्या पानेवाडी येथील साठवण केंद्रांपासूनचे टँकरभाडे यांमुळे खानदेशातला दर त्याहून वेगळा असतो. चढउताराची दिशा मात्र एकच. १ एप्रिल २००२ रोजी नियंत्रित किंमतपद्धती अधिकृतपणे संपली, तेव्हा पेट्रोल २६.५४ आणि डिझेल १६.५९ रुपये लिटर होते. मार्च २०२४ मध्ये हेच दर ९४.७२ आणि ८७.६२ रुपये झाले. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक ४.६३ व २.८८ हे जोडगुणक वापरून सलग केला, तर या काळात सर्वसाधारण किंमतपातळी जवळपास चौपट झालेली दिसते. त्या हिशेबाने २००२ चे पेट्रोल २०२४ च्या सुमारे १०५ रुपयांचे ठरते, म्हणजे पेट्रोल दहाएक टक्क्यांनी स्वस्तच झाले. डिझेल ६५-६६ रुपयांचे ठरते. प्रत्यक्षात ते त्याहून एक तृतीयांशाने महाग होते. २००२ मध्ये डिझेलचा दर पेट्रोलच्या ६२ टक्के होता, २०२४ मध्ये तो ९२ टक्के झाला.

यावर पहिला आक्षेप पायाभूत वर्षाचा. जून २०१० हा पाया धरला, तर त्या वेळचे ४०.१० रुपयांचे डिझेल २०२४ च्या सुमारे ९२ रुपयांचे ठरते आणि डिझेलही किंचित स्वस्त झालेले दिसते. हे बरोबर आहे, पण त्याने मूळ मुद्दा खोडला जात नाही. डिझेलची खरी महागाई २००२ ते २०१० या आठ वर्षांत झाली, एवढेच त्यातून कळते. पुढे ती फारशी ओसरली नाही. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा सुमारे ५० पैशांनी वाढवले गेले, ऑक्टोबर २०१४ मध्ये ते नियंत्रणमुक्त झाले, आणि २०२० मध्ये कच्चे तेल कोसळले तेव्हा डिझेलवरचे केंद्रीय शुल्क ३१.८३ रुपयांवर नेण्यात आले. घसरणीचा लाभ पंपापर्यंत पोचलाच नाही. दुसरा आक्षेप असा की २००२ चे डिझेल मुळात धोरणाने स्वस्त ठेवलेले होते, मग त्याच्याशी तुलना कशी करायची? परंतु मालवाहतूक आणि यांत्रिक शेती त्याच स्वस्ताईवर उभी राहिली. ती गेल्याचा भार काल्पनिक मानता येत नाही.

तिसरा आक्षेप शेतमालाच्या भावाचा; तो सर्वांत वजनदार आहे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१०-११ मध्ये ३,००० रुपये क्विंटल होता, २०२३-२४ मध्ये ७,०२०. पहिल्यात साधारण ७५ लिटर डिझेल येत असे, दुसऱ्यात ८०. म्हणजे हमीभावाने डिझेलला गाठले आहे. अडचण अशी की बाजारात कापूस पुष्कळदा हमीभावाखाली विकला जातो, आणि बैलजोडीची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर एकरी डिझेल जास्त लागते. केळीला तर केंद्राचा हमीभावच नाही. रेल्वेच्या वाघिणींवरून ट्रककडे वळलेल्या या मालाचे भाडे थेट डिझेलला बांधलेले आहे.

रॉकेल : शिधापत्रिकेवरचा दर सरकारी असल्याने या तुलनेत धरलेले नाही.

कर व सीमा : केंद्राचे शुल्क लिटरमागे ठरावीक रुपये असते, त्यामुळे महागाईत ते आपोआप झिजते, राज्याच्या मूल्यवर्धित कराचा टक्केवारीचा भाग किमतीबरोबर चढतो. खानदेशात तो पेट्रोलवर २५ आणि डिझेलवर २१ टक्के, शिवाय पेट्रोलवर लिटरमागे ठरावीक रक्कम. २०१५ मध्ये दुष्काळासाठी लिटरमागे २ रुपये अधिभार बसला. जुलै २०२२ मध्ये पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी उतरवले गेले. नवापूरपलीकडे गुजरातेत पेट्रोल सुमारे १० रुपयांनी स्वस्त मिळते. दोन्हीकडे महागाई सारखीच, तेव्हा हा फरक मुख्यतः कराचा आहे.