कालव्याकाठची मंडळी



आपल्या हैदराबादेपासून फार दूर नसलेल्या ओंगोल येथील बाप्टिस्ट मंडळीची हकीकत आज सांगावयाची आहे. ओंगोल आज आंध्र प्रदेशाच्या प्रकाशम जिल्ह्यात आहे. त्या काळी ते मद्रास इलाख्यात मोडत असे. १ जानेवारी १८६७ रोजी अवघ्या आठ सभासदांनिशी ही मंडळी स्थापन झाली. अमेरिकन मिशनरी जॉन एव्हरेट क्लफ हे तिचे पुढारी खरे. परंतु तिची पाळेमुळे खेड्यांत रुजविली ती येर्रागुंटला पेरय्या यांच्यासारख्या मादिगा प्रचारकांनी.

मादिगा म्हणजे कातडी कमाविणारा, मोटा आणि वहाणा करणारा अस्पृश्य समाज. आपल्याकडील बलुत्याप्रमाणेच त्याचे पोट शेतकऱ्याच्या खळ्यावर अवलंबून असे. मंडळीत येणाऱ्याने मृत जनावराचे मांस खाऊ नये, मूर्तिपूजा करू नये व रविवारी काम करू नये, असा दंडक होता. साहजिकच गावाशी खटके उडू लागले. मृतमांस सोडण्याचा आग्रह डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत धरला, हे आपणांस ठाऊक आहेच. दोहोंच्या प्रेरणा भिन्न असल्या, तरी माणुसकीचा प्रश्न एकच होता.

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. शेत पिकेना, तेव्हा खळ्यावरचा वाटाही आटला. त्या सुमारास सरकारने किनाऱ्यालगतच्या बकिंगहॅम कालव्याचे काम दुष्काळी काम म्हणून काढले होते. क्लफ यांनी तरुणपणी भूमापनाचे काम केले होते. त्यांनी कालव्याच्या सुमारे तीन मैलांचा मक्ता घेतला आणि प्रचारकांनाच मुकादम नेमले. भुकेल्यास भिक्षा न घालता कुदळ व मजुरी द्यावी, हा त्यातील विचार होता.

येथेच खरा कसोटीचा क्षण आला. बाप्तिस्मा मागणाऱ्यांची रीघ लागली. परंतु मदतकार्य चालू असेतो क्लफ यांनी बाप्तिस्मे थांबविले. अन्नाच्या आशेने कोणी धर्म स्वीकारला, असे होऊ नये, हा त्यामागील हेतू. वर्षाहून अधिक काळ त्यांनी हा निश्चय पाळला. मदत संपल्यानंतर ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. सहा प्रचारक दोन-दोनच्या पाळीने पाण्यात उभे होते.

या आकड्याने शंकाही उत्पन्न केल्या. बाप्टिस्ट पंथात बाप्तिस्मा हा जाणत्या व्यक्तीच्या वैयक्तिक श्रद्धेचा विषय; मग वाड्यावस्त्या एकगठ्ठा कशा येतात? संकटसमयी हात देणाऱ्याविषयीची कृतज्ञता आणि श्रद्धा यांची सीमारेषा कोठे आखावयाची? याचे उत्तर सोपे नाही. शतकानुशतके एकत्रच अवमान सोसलेल्या समाजाने निर्णयही एकत्र घ्यावा, यात मात्र मला नवल वाटत नाही.

१९१० साली क्लफ निवर्तले. बकिंगहॅम कालव्यातील नौकानयनही आज बव्हंशी बंद पडले आहे. तथापि त्या मंडळीच्या शाळांतून मादिगांची मुले प्रथमच पाटीवर अक्षरे गिरवू लागली, ही गोष्ट कालव्यातील गाळाने बुजणारी नाही. कोणत्याही संस्थेचे मोल तिच्या सभासदसंख्येवर ठरवू नये. मदत देताना तिने घेणाऱ्याचा मान किती राखला, हे पाहावे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांच्यासारख्या शिक्षकांस हे निराळे सांगावे लागत नसे.