मालकी घ्यावी की न घ्यावी? : १९२१ चा पेच

जुन्या नाटक मंडळीचा ‘मालक’ आणि आजचा ‘नाट्यनिर्माता’ यांना आपण सर्रास एकच समजतो. मला हे पटत नाही. निर्माता नटांना नाइटच्या हिशेबाने पैसे देतो. नाटक पडले, तर सहसा त्या नाटकापुरता बुडतो. मालकाच्या शिरावर मात्र अख्खे बिऱ्हाड असे. नट, साथीदार, पडदेवाले, आचारी यांचे पगार, जेवणखाण, मुक्काम, रेल्वेभाडे सारे त्याच्याकडे. प्रयोग होवो न होवो, चूल पेटलीच पाहिजे.

मालकी स्वीकारण्याचा पेच १९२१ मध्ये दोन मोठ्या मंडळ्यांत उभा राहिला. ८ जुलैला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’ सर्वांना आठवतो. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. त्याच वर्षाची ही दुसरी बाजू मात्र मागे पडते.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी भागीदारीत काढली. टेंबे बाहेर पडले, पुढे बोडसही. १९२१ मध्ये मंडळी कर्जासकट एकट्या बालगंधर्वांच्या अंगावर आली. इकडे ४ ऑक्टोबरला केशवराव ऐन एकतिशीत विषमज्वराने गेले. १९०८ मध्ये हुबळीस त्यांनी स्थापलेली ‘ललितकलादर्श’ पोरकी झाली. ती बापूराव पेंढारकरांनी सावरली.

दोघांच्या वाटा वेगळ्या. बालगंधर्वांनी रंगमंचाच्या वैभवात काटकसर केली नाही. बापूरावांनी मामा वरेरकरांची सामाजिक नाटके हाती घेतली : ‘सत्तेचे गुलाम’ (१९२२), ‘तुरुंगाच्या दारात’ (१९२३). पुढे बोलपटाने दोघांनाही गाठले. बालगंधर्व १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त उभे राहिले, बापूराव १९३७ मध्ये गेले.

हिशेबनीसाने दोघांनाही ‘नको’ म्हटले असते, आणि त्याचे चुकले नसते. कारण दोघेही गायक नट. सावकारापाशी कागद काहीही असो, खरे तारण होते त्यांचा गळा. मालक आजारी पडला, की तिकीटखिडकीही आजारी. केशवरावांच्या मृत्यूने हे उघड दाखवले होते; तरीही बापूराव पुढे झाले. ते मागे सरते, तर बिऱ्हाड मोडले असते. हे मोल हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही. १९४२ मध्ये भालचंद्र पेंढारकरांनी ‘ललितकलादर्श’ पुन्हा उभी केली, तेव्हा वडिलांकडून त्यांना मुख्यतः हाच वारसा मिळाला होता, असे मी मानतो.