पाण्यानें उचलावें, लोखंडानें धरावें

लहान विमानांच्या दुरुस्तीचें काम जेथें चालतें, त्या हँगरांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळतें. पंख पसरलेलें विमान जमिनीपासून थोडें वर अधांतरीं उभें असतें. त्याचीं चाकें मोकळीं लोंबत असतात, आणि कारागीर त्याखालीं वांकून निश्चिंतपणें आपलें काम करीत असतात. या विमानास पेलणारें साधन म्हणजे तीन पायांच्या लोखंडी तिवईंत बसविलेला, तेलाच्या दाबावर चालणारा जॅक. पुष्कळ जॅकांच्या वर येणाऱ्या दांड्यास आटे पाडलेले असून त्यांवर एक जाड कडें फिरत असतें. उचलण्याच्या कामीं या कड्याचा कांहींएक उपयोग नाहीं. मग तें तेथें कां? या प्रश्नाच्या अनुरोधानें या साधनाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

त्याचा आरंभ फ्रान्समध्यें होतो. ब्लेझ पास्कल या तत्त्ववेत्त्यानें द्रवपदार्थांच्या समतोलावर एक निबंध लिहिला. पास्कल १६६२ सालीं वारला व निबंध १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हें त्यांतील मर्म. एका भांड्यास दोन तोंडें ठेवावीं, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठें असावें, आणि दोहोंत दट्ट्ये बसवावे. म्हणजे लहान दट्ट्या रेटणारा एक मनुष्य मोठ्या दट्ट्यावरील शंभर मनुष्यांस भारी होईल, असें त्यानें दाखवून दिलें. अर्थात् निसर्ग फुकट कांहींच देत नाहीं. लहान दट्ट्या शंभर इंच सरकावा, तेव्हां मोठा एक इंच चढतो. जोर मिळतो, पण तो वेळाच्या व श्रमाच्या मोलानें.

ही युक्ति कागदावरून कारखान्यांत येण्यास एकशें तीस वर्षांहून अधिक काळ लागला. इंग्लंडांतील यॉर्कशर परगण्यांत १७४८ सालीं जन्मलेला जोसेफ ब्रामा हा शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणीं पायास दुखापत होऊन तो लंगडा झाला, शेतीचें काम होईना, म्हणून त्यास सुताराच्या हाताखालीं ठेवण्यांत आलें. पुढें लंडनमध्यें कुलुपें करणारा कारागीर म्हणून त्यानें नांव मिळविलें, आणि १७९५ सालीं पाण्याच्या दाबाच्या यंत्राचा हक्क त्यानें आपल्या नांवें नोंदविला. परंतु दाब वाढला कीं दट्ट्याच्या कडेनें पाणी उसळून बाहेर येई. फट घट्ट बुजविली तर दट्ट्याच हलेना. ही अडचण सोडविण्याचें श्रेय त्याच्या कारखान्यांतील हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिरास देतात. त्यानें दट्ट्याभोंवतीं दुमडलेल्या कांठाचें कातडें बसविलें. पाणी जों जों जोरानें दाबी, तों तों तो कांठ दट्ट्यास अधिकच चिकटे. दाब सुटला कीं कातडेंही सैल पडे. शत्रूच्याच जोरानें दार लावून घेण्याचा हा प्रकार होता. पुढें १७९७ सालीं मॉडस्लेनें पगारवाढ मागितली व ती नाकारली गेली. तेव्हां त्यानें कारखाना सोडला, आणि स्वतःच्या कर्तृत्वानें तो यंत्रविद्येंतील एक थोर पुरुष ठरला.

आतां आपण त्या लोखंडी कड्याच्या गोष्टीकडे येऊं. वेल्सचा किनारा आणि अँगलसी बेट यांच्यामध्यें मेनाय नांवाची सामुद्रधुनी आहे. तिजवर रॉबर्ट स्टीफन्सन हा इंजिनियर ब्रिटानिया नांवाचा रेल्वेपूल बांधीत होता. आगगाडी ज्यांतून जावयाची, ते पोलादासारख्या दणकट लोखंडी पत्र्यांचे प्रचंड चौकोनी नळे पाण्यावरून तरंगत आणून दाबयंत्रांनीं उंच खांबांवर चढवावयाचे होते. एकेका मोठ्या नळ्याचें वजन दीड हजार टनांच्या घरांत होतें. यंत्रें मजबूत होतीं, आणि एका दमांत शक्य तितकें उचलून मग खालचें बांधकाम करावें, असा मोह होण्याजोगी परिस्थिति होती. परंतु स्टीफन्सनची सक्त सूचना होती कीं, नळा जसजसा वर चढेल तसतशा त्याच्या टोकांखालीं फळ्या सारीत जावें व मागाहून पक्कें बांधकाम करावें. मधें पोकळी म्हणून राहूं देऊं नये. १८४९ च्या ऑगस्ट महिन्यांत काम चाललें असतां एका यंत्राच्या नळकांड्याचा तळ एकाएकीं फुटला. तो अजस्र नळा खालीं आला, पण केवळ कांहीं इंच. कारण त्याखालीं आधार तयार होता. तो नसता, तर नळा समुद्राच्या तळाशीं गेला असता. दुसरें नळकांडें बसवून काम पुढें चाललें, आणि १८५० सालीं पुलावरून गाडी धांवली.

पाण्याच्या दाबानें ओझें उचलावें खरें, पण उचललेलें ओझें पाण्याच्या भरंवशावर ठेवूं नये, हा धडा या प्रसंगानें शिकविला. आपल्या खेड्यांतील गाडीवानासही तो ठाऊक असतो. चाक काढावयाचें झाल्यास आख उचलणारे चार गडी कितीही धट्टेकट्टे असोत, आखाखालीं ओंडका सरकविल्यावांचून तो चाकास हात लावीत नाहीं.

पुढें हें यंत्र आकारानें लहान होत गेलें. स्कॉटलंडमध्यें जन्मलेल्या रिचर्ड डजन यानें न्यूयॉर्क येथें १८५१ सालीं हातानें उचलून नेतां येण्याजोग्या जॅकाचा हक्क नोंदविला. १८५८ सालीं 'ग्रेट ईस्टर्न' हें अवाढव्य जहाज पाण्यांत लोटतांना बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंचे जॅक उपयोगी पडले. त्यांच्याच जॅकांनीं १८७८ सालीं ईजिप्तमधून आणलेला शिलास्तंभ लंडनमध्यें खालीं लांकडें रचीत रचीत वर घेण्यांत आला. काळांतरानें पाण्याच्या जागीं तेल आलें. तें सहजासहजीं गोठत नाहीं, लोखंडास गंजूं देत नाहीं, शिवाय दट्ट्यास वंगणही होतें. कातड्याच्या जोडीस रबराचें वाटोळें कडें आलें. डेन्मार्कमध्यें जन्मून अमेरिकेंत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सेन यास त्याचा हक्क १९३९ सालीं मिळाला.

विमानास जॅकाची गरज प्रारंभीं फारशी नव्हती. लांकूड व कापड यांचीं तीं हलकीं यंत्रें चार माणसें हातानें उचलून घोडीवर ठेवीत. परंतु धातूचीं विमानें आलीं, आणि त्यांचीं चाकें उडाल्यावर पोटांत घेतलीं जाऊं लागलीं. २२ डिसेंबर १९४५ रोजीं प्रथम उडालेलें बीचक्राफ्ट बोनान्झा हें अशा लहान विमानांपैकीं प्रसिद्ध आहे. चाकें नीट मिटतात कीं नाहीं व उघडून पक्कीं बसतात कीं नाहीं, हें जमिनीवर पाहावयाचें तर विमान अधांतरीं धरणें भाग आहे. ही परीक्षा चुकली तर तिचा दंड उतरतांना वैमानिकास भरावा लागतो.

येथें थोडें गणित करूं. पंपाचा दट्ट्या अर्धा इंच व्यासाचा, उचलणारा दोन इंच व्यासाचा. व्यास चौपट, म्हणून क्षेत्रफळ सोळापट. पंपाच्या दांड्याची तरफ दहापट जोर देते. म्हणजे हातानें वीस पौंडांचा दाब दिला असतां, घर्षणांत जाणारा भाग सोडून, वर ३२०० पौंडांचा रेटा मिळतो. सुमारें अडीच हजार पौंडांचें विमान तीन ठिकाणीं उचलावयास एवढा जोर पुरून उरतो. तिवईचे पाय पसरट असतात, ते ओझें कलूं नये म्हणून.

पण जोर आहे म्हणून निर्धास्त राहणें योग्य नव्हे. जमीन कठीण व सपाट असावी, वारा नसावा, आंत कोणी बसलेला नसावा. जॅक विमानकर्त्यानें नेमून दिलेल्या जागींच लावावे. विमान जातां येईल तों समपातळींत, सर्व जॅक बरोबरीनें चालवून उचलावें. पायपर चेरोकी या विमानांत पंखांखालीं दोन जॅक व शेपटाशीं एक आधार देतात, आणि त्या आधारावर सुमारें २५० पौंडांचें वजन ठेवतात. नाहींतर इंजिनाच्या भारानें नाक खालीं जावयाचें. आणि दांडा जसजसा चढेल तसतसें तें आट्यांचें कडें फिरवून खालीं आणीत जावें. हेंच तें स्टीफन्सनच्या फळ्यांचें आजचें रूप. झडपेंत धुळीचा एक कण अडकला, रबर झिजलें, तरी ओझें कड्यावर टेकतें, माणसावर येत नाहीं. उतरवितांना तें थोडें थोडें मोकळें करावें, व झडप अगदीं हळू सोडावी.

जॅकाची निगा साधी आहे, पण ती नेमानें घ्यावी लागते. दांडा पुसून पूर्ण आंत घेऊन ठेवावा, म्हणजे त्यास गंज वा ओरखडा लागत नाहीं. तेलाची पातळी दांडा खालीं असतांनाच पाहावी; वर असतांना भरलेलें तेल मागाहून उतूं जातें. तेल बनविणाऱ्यानें सांगितलेल्याच जातीचें असावें, कारण एका तेलास सोसणारें रबर दुसऱ्या तेलांत फुगून निकामी होतें. पंप मारतांना हातास लुसलुशीत लागूं लागलें, तर आंत हवा शिरली असें समजून ती काढावी. हवा दबते, तेल दबत नाहीं.

पास्कलनें उचलण्याचा नियम सांगितला, ब्रामा व मॉडस्ले यांनीं तो राबविला. त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु उचललेल्या विमानाखालीं निजून काम करणारा कारागीर संध्याकाळीं सुखरूप घरीं जातो, तो मात्र ज्यानें इंच-इंच फळी सारावयास लाविली, त्याच्या हट्टामुळें.