रंजक उडाली, बार नाही

ठासणीच्या बंदुकीला आग लावण्याचे तीन मुख्य मार्ग होऊन गेले. आधी जळता तोडा, मग गार आणि शेवटी केप. यांतली गारेची बंदूक सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये आकाराला आली. तिच्या पूर्ण रूपाचे श्रेय नॉर्मंडीतल्या लिझ्यू गावच्या मारँ ल बुर्जवा या कारागिराला दिले जाते, आणि काळ साधारण १६१० चा सांगतात. पुढे दोनशेहून अधिक वर्षे युरोपच्या फौजा या बंदुकीवर लढल्या. तेवढ्या काळात तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण ऐन वेळी रुसून बसण्याची तिची खोड कोणालाही पुरती मोडता आली नाही.

तिचे तत्त्व घरातल्या चकमकीचेच. चूल पेटवायला गारेवर पोलाद झाडून शेवरीच्या कापसावर ठिणगी पाडत. बंदुकीत हेच काम कमानीच्या जोरावर होते. घोड्याच्या जबड्यात गार घट्ट आवळलेली असते. चाप ओढला की घोडा झेपावतो, गार समोरच्या उभ्या पोलादी पट्टीला वरून खाली खरवडत जाते, त्या धक्क्याने पट्टी उलटते आणि तिच्याखालचा पेला उघडा पडतो. पेल्यातल्या रंजकेवर, म्हणजे चिमूटभर दारूवर, ठिणग्या पडतात आणि तिची ज्वाला नळीच्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, आतल्या दारूपर्यंत पोचते. यात ठिणगी पुरवते ते पोलाद. गार फक्त धारेने त्याचा बारीक कीस काढते, आणि तो कीस हवेत पेटतो. म्हणून अशी बंदूक नादुरुस्त झाली की दोष तीन ठिकाणी शोधावा लागे: गारेची धार, पट्टीचा कडकपणा आणि नळीचा कान.

गारेचा व्यापार हा स्वतंत्र इतिहासच आहे. फ्रान्समध्ये शेर नदीच्या खोऱ्यातली मधाच्या रंगाची गार नावाजलेली होती, तर इंग्लंडमध्ये सफकमधल्या ब्रँडन गावची काळी. ब्रँडनजवळच ग्राइम्स ग्रेव्ह्ज या नवाश्मयुगीन खाणी आहेत. म्हणजे बंदुकीच्या चार हजारांहून अधिक वर्षे आधी तिथला माणूस त्याच थरांतून कुऱ्हाडीसाठी गार काढत होता. खडूच्या थरांखालून आणलेला दगड आधी मोठ्या हातोड्याने फोडत, मग त्याचे लांब पापुद्रे काढत आणि शेवटी निहाईवर त्यांचे चौकोनी तुकडे पाडत. तरबेज कारागिराच्या हातून दिवसाला काही हजार गारा उतरत. नेपोलियनशी युद्ध चालू असताना ब्रँडनमधून सैन्यासाठी महिन्याला लाखांच्या हिशेबाने गारा जात. बंद खोपटात बसून दगड फोडणाऱ्यांच्या फुप्फुसांत ती धूळ साचे आणि पुष्कळांचा त्यात अंत होई. रणांगणावरच्या मृत्यूंच्या मोजणीत या माणसांना जागा मिळाली नाही.

चांगली गारही फार टिकत नसे. वीस-तीस बारांनंतर धार बोथट होई, मग ती काठावर हलकेच टिचवून पुन्हा धारदार करत किंवा बदलत. गार जबड्यात नुसती धरून चालत नाही. धक्क्याने ती सरकते नाहीतर फुटते. त्यासाठी तिला चामड्याचे, काही फौजांत शिशाच्या पत्र्याचे, वेष्टण देत. तिची धार पट्टीला सबंध रुंदीभर टेकावी लागते. तिरकी बसलेली गार पट्टीत चरे पाडते आणि ठिणग्या मात्र मोजक्याच देते.

जुन्या बंदुकीत खरी अडचण बहुधा पट्टीची असे. तिचा दर्शनी पृष्ठभाग कडक हवा, आतला भाग चिवट हवा. मूळ पट्टी बहुतेक वेळा नरम लोखंडाची. हाडे, चामडे, कोळसा यांच्या भुकटीत बंद करून ती बराच वेळ लाल तापवत. त्यातला कार्बन पृष्ठभागात मुरला की पाण्यात विझवून तिला पाणी देत. वर्षानुवर्षांच्या घासण्याने हा कडक थर झिजून गेला की गार नव्याने बसवूनही ठिणगी पडत नाही. मग लोहार तीच क्रिया पुन्हा करी किंवा पट्टीच्या तोंडावर पोलादाचा पातळ पत्रा बसवी.

तिसरी जागा कानाची. काळ्या दारूच्या निम्म्याहून अधिक भागाची घन राख मागे राहते, आणि ती हवेतली ओल शोषते. चार-सहा बारांत कान बुजू लागतो. मग पेल्यात भपका होतो, डोळ्यांपुढे धूर येतो आणि नळी गप्प राहते. म्हणून शिपायाच्या पट्ट्याला कान टोचायची सुई आणि पेला झाडायची कुंचली लटकलेली असे. उलट, सततच्या ज्वालेने कान झिजून रुंदही होई. इंग्लंडमधल्या उंची बंदुकांत त्यावर उपाय म्हणून सोन्याची किंवा प्लॅटिनमची बारीक नळी कानात बसवत, कारण हे धातू राखेने झिजत नाहीत.

हिंदुस्थानात तोड्याची बंदूक लवकर हटली नाही, आणि त्यामागे निव्वळ जुन्याची ओढ नव्हती. तोड्याला धार लावावी लागत नाही, तो सुतापासून कुठेही वळता येतो आणि गावचा लोहार ती बंदूक दुरुस्त करू शकतो. गारेच्या बंदुकीमागे मात्र सुट्या भागांचा सतत पुरवठा लागतो. कवायती पायदळाला तरीही तीच सोयीची, कारण खांद्याला खांदा लावून उभ्या रांगेत जळता तोडा शेजाऱ्याच्या दारूला धोका असतो. पानिपतावर १७६१ मध्ये मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखानाचे असेच कवायती गारदी होते. पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी आलेल्या द बॉयन या युरोपीय सेनानीच्या पलटणींसाठी आग्र्यात बंदुकांचा कारखाना चालला. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी ठरवलेला ३९ इंची नळीचा ‘इंडिया पॅटर्न’ १७९७ मध्ये ब्रिटिश सरकारनेही स्वीकारला.

गारेचा पर्याय शोधला स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्रीने. पेल्यातल्या भपक्याने पाखरे सावध होऊन उडतात, या शिकाऱ्याच्या वैतागातून त्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाकडे लक्ष वळवले आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. अशा रसायनाची तांब्याची टोपी, म्हणजे केप, त्यानंतर आली. १८३४ मध्ये वूलविचला सहा-सहा हजार बारांची तुलना झाली: गारेच्या बंदुका ९२२ वेळा चुकल्या, केपाच्या ३६ वेळा. तरीही बदल सावकाशच झाला. मे १८४१ मध्ये चीनशी झालेल्या अफूच्या युद्धात कँटनजवळ सानयुआनली इथे मुसळधार पावसात ३७ व्या मद्रास पलटणीची एक तुकडी वेढली गेली. तिच्या गारेच्या बंदुका भिजून निकामी झाल्या होत्या. तिला सोडवून आणले ते केपाच्या बंदुका घेतलेल्या मरीन सैनिकांनी.

ब्रँडनचा धंदा त्यानंतरही विसाव्या शतकापर्यंत तगून राहिला, कारण आफ्रिकेत गारेच्या बंदुकांना मागणी होती. अमेरिकेत १९३३ मध्ये ठासणीच्या बंदुकांच्या हौशी नेमबाजांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांच्या लांब नळीच्या रायफली पुन्हा चांदमारीवर दिसू लागल्या. अशी बंदूक दुसऱ्याच्या हातून घेणारा आजही पहिल्यांदा नळीत गज घालतो आणि मग तो बाहेरून नळीला लावून ताडून पाहतो. गज कानापर्यंत पोचत नसेल तर आत जुना बार तसाच ठासलेला असू शकतो. नळी रिकामी असल्याची खात्री पटली की मग गार, पट्टी आणि कान, याच क्रमाने तपासणी होते.