मस्टर आणि नोंदवही

३० सप्टेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये परिचारिकांची सरकारी नोंदवही उघडली. तिच्यातलं पहिलं नाव एथेल गॉर्डन फेनविक या बाईंचं. नर्स नंबर एक! या नोंदवहीसाठी त्या १८८७ पासून भांडत होत्या, म्हणजे चौतीस वर्षं. गंमत अशी की सुरुवातीच्या काळात त्यांच्या विरोधात उभ्या होत्या खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल. शाळेच्या पुस्तकातल्या त्या दिवेवाल्या बाई. नाइटिंगेलबाईंचं म्हणणं, परीक्षा घेऊन नाव वहीत लिहिता येईल, पण चांगली नर्स घडते ती स्वभावातून, आणि स्वभावाची नोंद कुठल्या वहीत करणार? फेनविकबाईंचं म्हणणं, मग शिकलेली आणि न शिकलेली यांतला फरक रोग्याला कळणार कसा?

मला दोघींचंही पटतं. पण इतिहासात फेनविकबाई जिंकल्या. खरं तर १९०१ साली न्यूझीलंडने तसा कायदा करून त्यांच्या आधीच बाजी मारली होती.

हे सगळं मी वाचायला लागले त्याचं कारण जरा जवळचं आहे. आमच्या वटारमध्ये, आणि नंदाखाल, निर्मळ, भुईगाव या सगळ्याच पट्ट्यात, घरटी नाही तरी आळीत एखादी नर्स सापडतेच. वाडीतली भाजी, केळी, फुलं मुंबईला जात, तशाच या बायकाही जात. पहाटे नालासोपाऱ्याची बस, तिथून चर्चगेट लोकल, आणि नाइट ड्यूटी असली की सगळं उलट. गेल्या पावसाळ्यात ओळखीतल्या एका मुलीचं ती काम करत असलेल्या खासगी हॉस्पिटलात (नाव नको) वरिष्ठांशी वाजलं. डबल ड्यूटीला नाही म्हणाली एवढंच. तिला मेमो मिळाला आणि वर तोंडी दम, "तुझं लायसनच घालवतो." मुलगी दोन दिवस जेवली नाही. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण लायसन गेलं तर साडेतीन वर्षांचं जीएनएम, बापाने काढलेलं कर्ज, सगळंच पाण्यात.

तिला मी विचारलं, लायसन देतं कोण? म्हणाली, नर्सिंग कौन्सिल. मग ते घालवणार कोण? यावर ती गप्प झाली.

नाव लिहायचं कोणी यावर एवढं रामायण झालं, पण नाव खोडायचं कोणी, आणि खोडलं तर दाद कुठे मागायची, याचं उत्तर नर्सेसच्या आधी सुइणींनी मिळवून दिलं आहे. मिळवून दिलं म्हणजे, त्यांच्यावर जे गुदरलं त्यातून ते निघालं.

इंग्लंडमध्ये १९०२ साली सुइणींचा कायदा झाला. १९०५ पासून नोंदणी नसलेल्या बाईला स्वतःला 'मिडवाइफ' म्हणवून घ्यायला बंदी झाली, आणि १९१० पासून पैसे घेऊन नेहमीची बाळंतपणं करायलाही. वर्षानुवर्षं गावात बाळंतपणं करणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या सुइणींनाही सुरुवातीला नोंद करून घेतलं गेलं. त्यांच्यावर देखरेख ठेवायला एक मंडळ नेमलं. पण त्या मंडळात एक तरी सुईण असलीच पाहिजे असं कायद्यात कुठेही नव्हतं! डॉक्टरांचं वजन मोठं. पिशवी अस्वच्छ ठेवली, अडलेल्या बाळंतिणीसाठी वेळेवर डॉक्टरला बोलावलं नाही, असे आरोप यायचे आणि सुनावणी लंडनला. लांबच्या खेड्यातल्या गरीब बाईने तिकिटाचे पैसे आणायचे कुठून? आपल्याकडे डहाणू-तलासरीकडच्या बाईला एका तारखेसाठी मुंबईला बोलवावं, तसंच हे.

पण याच कायद्यात एक छोटंसं कलम होतं. चौथं. यादीतून नाव काढल्याने जिच्यावर अन्याय झाला असं वाटेल, तिने कळवल्यापासून तीन महिन्यांच्या आत हायकोर्टात अपील करावं. किती सुइणींना ते परवडलं असेल हा प्रश्न आहेच. तरीही त्या कलमाने एक गोष्ट कबूल केली, की हे नाव म्हणजे मंडळाने केलेली मेहेरबानी नाही, त्यावर बाईची चूल पेटते, आणि ते खोडणाऱ्यालाही कुणीतरी जाब विचारणारा हवा. १९१९ साली इंग्लंडमध्ये नर्सेसचा कायदा झाला तेव्हा त्यातही हीच सोय आली. तीन महिने, हायकोर्ट.

आता मुंबईकडे. नर्सिंगच्या पुस्तकांत पहिली भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव येतं, प्रशिक्षणाचं साल १८९१. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला १९१२ साली. नर्सेसचा कधी? १९३५ ला! तेवीस वर्षांनी. मद्रासने १९२६ मध्ये केला होता, म्हणजे त्यांच्याही मागे आपण नऊ वर्षं. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ ला, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला, मुख्यतः शिक्षण देशभर सारखं असावं म्हणून. महाराष्ट्र राज्य झाल्यावर मुंबई, विदर्भ, मराठवाडा असे वेगवेगळे कायदे एकत्र करून १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा झाला. आज आपल्या मुली ज्याला 'कौन्सिलचं रजिस्ट्रेशन' म्हणतात ते यातलं.

म्हणजे नर्सचं नाव दोन ठिकाणी असतं. एक हॉस्पिटलच्या मस्टरवर आणि एक परिषदेच्या नोंदवहीत. मस्टरवरचं नाव मालक काढू शकतो (बरोबर की चूक ते वेगळं). नोंदवहीतलं नाव मालकाच्या बापालाही काढता येत नाही. तो फार तर तक्रार करू शकतो. पुढे परिषदेने चौकशी करायची, तिचं म्हणणं ऐकायचं, मग ठरवायचं. म्हणून "लायसन घालवतो" हा दम नव्वद टक्के वारा असतो. उरलेले दहा टक्के खरे धरून कागद मात्र जपून ठेवायचे. मेमो, त्याला दिलेलं उत्तर, ड्यूटीचा तक्ता, सगळ्याच्या प्रती. तोंडी काही नको.

ही दोन नावं लोक किती सहज एक समजतात ते २०२१ साली दिसलं. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण गेले. दोन्हीकडे काही दिवसांतच निलंबनं झाली, कंत्राटी लोकांच्या सेवा संपवल्या, त्यांत नर्सेस होत्या. नगरला तर एका डॉक्टरबरोबर नर्सेसना अटकही झाली, आणि संघटना रस्त्यावर उतरल्या. त्यांचा प्रश्न साधा होता. इमारतीचं वायरिंग आणि आग विझवायची यंत्रणा हे नर्सचं काम कधीपासून? गेलेल्या जिवांचा हिशेब मागायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण तो मागताना हात आधी सर्वात खालच्या पायरीवर पडतो, हे माझं मत आहे.

त्यातही कायम नोकरीतल्या नर्सला राज्याचे १९७९ चे शिस्त व अपील नियम आहेत, १९९१ पासून प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे 'मॅट' आहे. कंत्राटी नर्सला ही पायरीच नाही. शेजारी शेजारी खाटा सांभाळणाऱ्या दोघी, आणि एकीला वर जायला जिना आहे, दुसरीला नाही.

वकिलांचं बघा. मुंबईच्या फौजदारी कोर्टाबाहेर पक्षकार पळवण्यासाठी धक्काबुक्की करणाऱ्या काही वकिलांवर महाराष्ट्र बार कौन्सिलने कारवाई केली होती. ते दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपिलात गेले आणि जिंकले. मग राज्याचं कौन्सिलच सर्वोच्च न्यायालयात गेलं. असं कौन्सिल 'बाधित व्यक्ती' ठरू शकतं का, यावर १९७५ साली सात न्यायाधीश बसले! (ठरू शकतं, असं ते म्हणाले.) सनदेच्या भांडणाला कायद्यानेच थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाट ठेवलेली. अर्थात कायदा लिहिणाऱ्यांत वकील किती आणि नर्सेस किती, हे सांगायला नको.

नर्सला मात्र एक वाट कायमची उघडी आहे, राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयात रिट. कायद्यातलं अपील आधी करून पाहिलं का, हे न्यायालय विचारतं, पण बाजू न ऐकता नाव काढलं असेल तर ते दार बंद नसतं. आणि १९८५ साली फुटपाथवरच्या झोपड्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तो निकाल झोपडीसाठी मागितलेला, पण नोंदवहीतल्या नावालाही तो लागतोच की.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या कायद्याच्या जागी येण्यासाठी केलेल्या या कायद्यात राज्य आयोगाने कारवाई केली तर राष्ट्रीय पातळीवरच्या नीती व नोंदणी मंडळाकडे अपील, आणि तिथेही नाही पटलं तर राष्ट्रीय आयोगाकडे दुसरं अपील, अशी वाट लिहिलेली आहे. मंडळं दिल्लीची. १९०२ च्या सुइणींना लंडन लांब होतं, वटारहून दिल्लीही काही जवळ नाही.

आता एक विनंती, खास करून नातेवाइकांना. घरातल्या जुन्या ट्रंकेत, माळ्यावर कुणा आत्याचं, आजीचं १९३५ ते १९६६ या काळातलं नर्सचं किंवा मिडवाइफचं नोंदणीपत्र असेल तर कृपा करून मोडीत घालू नका. मला कळवा, मी येऊन फोटो काढून घेईन. नोंदणी क्रमांक कितवा आहे ते बघायचंय.